जगदेवीची गाडी

सोलापूर, जून १९७७

प्रिय अण्णा,

प्रिय लिहिताना हात अडला, पण बहीण भावाला दुसरं काय लिहिणार? रागानेच लिहितेय, हे आधीच सांगते.

शाळेच्या कमिटीचा अध्यक्ष म्हणून तू माझा शनिवारचा वर्ग बंद केलास. तिथे काय चालायचं हे तू कधी विचारलंच नाहीस. तुझ्याच कारखान्यात जकार्ड मागावर भोकं पाडलेली कार्डं फिरतात आणि चादरीवर मोर उमटतो. कुठला धागा उचलायचा ते कार्ड सांगतं. मी पोरींना म्हटलं, मागाला असा हुकूम देता येतो तर गाडीला का नाही? मग त्यांनी लाकडी फळीवर विजेच्या दोन छोट्या मोटारी, एकेका चाकाला एक, आणि बॅटरी बसवली, वर पुठ्ठ्याची सरकणारी पट्टी. पट्टीत भोक आलं की दोन तारा एकमेकींना टेकतात आणि मोटार फिरते. दोन्ही फिरल्या की गाडी सरळ, एकच फिरली की वळण. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं आधी डोक्यात चालवून बघायचं आणि मगच भोक पाडायचं. गाडी आपण सांगितलेलं करते, मनात होतं ते नाही. हे तुझ्या जगदेवीला सगळ्यांच्या आधी कळलं.

शाळेच्या प्रदर्शनात गाडीने तुझ्या खुर्चीला वळसा घालायचा होता. ती सरळ येऊन तुझ्या पायावर आदळली. लोक हसले. जगदेवी घाबरली नाही. पट्टी काढून उजेडात धरली आणि म्हणाली, "बाबा, गाडीचं न्हाय चुकलं. माझं एक भोक जास्तीचं पडलंय. थांबा की, आत्ता दुरुस्त करते." आणि तू गाडी लाथेने भिंतीवर उडवलीस! "लई झालं शिक्षण," म्हणालास, सगळ्या पालकांसमोर. फळी दुभंगली. तुझी लेक खाली बसून तुकडे ओच्यात गोळा करत होती आणि तू पाहुण्यांना चहा घ्यायला सांगत होतास.

दुसऱ्या दिवशी वर्गाला कुलूप लागलं आणि तिचा दहावीचा निकाल लागायच्या आत तू मैंदर्गीचं स्थळ पक्कं केलंस. वहिनी रडली, तर माझं नाव घेऊन "कस्तुरानं पोरीचं डोकं फिरवलं" म्हणालास. अरे, नातेवाईक नावं ठेवत असताना मला सायकलवर डबलसीट बसवून कॉलेजात सोडणारा भाऊ तूच होतास ना? त्या अण्णाला मी शोधतेय. सापडत नाही, म्हणून जास्तच चीड येते.

आता पत्राचं कारण. रविवारी सुपारी फोडायला मैंदर्गीला जाऊ नकोस. काल जगदेवी आणि मी एसटीने तिथे जाऊन आलो. बोलणार मी होते, पण तिनेच माझा हात दाबला. मुलाच्या आईला, सोजरबाईंना, म्हणाली, "तुमच्यात खोट न्हाय. मला पॉलिटेक्निकला जायचंय. बाबांनी मला विचारलंच न्हाय." बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "मनात नसलेली पोर आमी तरी कशाला आणू? तुज्या बापाला आमीच नाही म्हणून कळवतो." आणि आम्हाला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. जगदेवी आता माझ्याकडे आहे, वहिनीला ठाऊक आहे. भांडायचं असेल तर ये, दार उघडीन. तिला न्यायला मात्र येऊ नकोस.

अजून तरी तुझीच,
कस्तुरा