लोखंडाची सवत

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची! लग्नानंतरचा आमचा संसार म्हणजे मी बंदरावर उभं राहून रुमाल हलवायचा, एवढाच होता. आता दोघं एकाच बोटीवर. तीही साधीसुधी नाही. जिचे फोटो वर्तमानपत्रांत येतात, जिच्या तिकिटासाठी श्रीमंत माणसंसुद्धा वशिले लावतात, ती. मला धुलाईघरात काम मिळालंय, अगदी तळाला. चादरी, अभ्रे, खळ, वाफ आणि दिवसभर इस्त्री. मुकादमीण तोंडाळ आहे, पण मीही काही कमी नाही. हे शेजारच्याच भागात असतात. पाणी शिरलंच तर वरून सरकत खाली येऊन बंद होणारी लोखंडी दारं आहेत इथे. त्यांना तेल घालायचं आणि रोज एकदा बंद करून बघायची, हे ह्यांचं काम. सगळे ह्यांना ‘दारवाले’ म्हणतात. मला हसू आवरेना.

मंगळवार, ४ मार्च

आज चांगलीच फजिती झाली. चादरींची चवड घेऊन निघाले होते, तर ह्यांची हाक आली, “अगं, ये ना, ये.” इतक्या लाडानं मला कधी बोलावलं नव्हतं. चवड तिथेच टाकून धावले. बघते तर हे दाराशी बोलत होते! दार सावकाश खाली येत होतं आणि हे त्याच्यावरून हात फिरवत होते. मला वाटलं मला बोलावलंत, असं म्हटलं, तर म्हणाले, नाही, हिला. हिला! मुकादमीण पोट धरधरून हसली. बोटीवरचे सगळे पुरुष बोटीला बायको समजतात, म्हणाली. समजू देत बापडे. मग बायकोला काय समजतात?

बुधवार, ५ मार्च

जेवायला एकत्र बसलो. मी केस नव्या पद्धतीनं बांधले होते. ह्यांचा कान भिंतीला. तिचा सूर आज वेगळा लागतोय, म्हणे. माझा सूर कालपासून बिघडलाय, तो नाही ऐकू आला. जळफळाट होतो नुसता, आणि स्वतःच्या रोजनिशीत लिहायला लाज कसली? लोखंडाच्या धुडाला सवत मानणारी मी पहिलीच बाई असेन.

दुपारी कपाट उघडलं, तर फक्त माझ्या चवडीतल्या चादरी ओल्या. चाखून बघितलं, खारट पाणी. बाकीच्यांच्या कोरड्या ठणठणीत. मुकादमीण मलाच बोलली.

शुक्रवार, ७ मार्च

दार माझ्यावर आलं. कुणी कळ दाबली नव्हती. ह्यांनी ओढलं म्हणून वाचले, वेणीचा शेंडा मात्र दाराखाली चिरडला. मी वेणी सोडवतेय, आणि हे तिची समजूत काढतायत, “अगं, असं करतात का?”

हे गेल्यावर मी इस्त्री उचलली आणि दारावर हाणली. म्हटलं, नवरा माझा आहे. बूड मेले, बूड!

इंजिनाची धडधड थांबली. सगळ्या बायकांनी माना वर केल्या. मग पुन्हा सुरू झाली, पण हळू. कान देऊन ऐकतंय कुणीतरी, तशी.

शनिवार, ८ मार्च

बाहेर धुकं आहे म्हणतात. सकाळपासून भिंतीतून हाक येते. “अगं.” आवाज ह्यांचा. गेले, तर कुणी नाही. हे वर चहा पीत होते.

सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. तिनं आजवर आपलं म्हणणं कधी मोडलं नव्हतं, पण आता ती ऐकत नाही, म्हणाले. पुढच्या बंदरावर दोघं उतरू, ही नोकरीच सोडतो, असा शब्द दिला.

जिंकले मी! दाराला ऐकू जाईल अशा आवाजात ते दोनदा वदवून घेतलं ह्यांच्याकडून.

रविवार, ९ मार्च

धुक्यात बोटीला कशाचा तरी धक्का बसला. मोठा नाही, खळीचं भांडं कलंडलं एवढाच. पण पाणी आलं. हे कळ दाबतायत, एकही दार खाली येत नाही. विनवून झालं, शिव्या घालून झाल्या. मला वर पाठवलं. मागोमाग येतो म्हणाले.

रविवार, डेकवर

होडीत जागा मिळाली. हे कुठे आहेत? मुकादमीण म्हणते, ते केव्हाच वर आलेत, पलीकडच्या बाजूला तुलाच शोधतायत. खरं असेल? —

खालून हाक. “अगं, ये ना, ये.” तीच. लाडाची.

म्हणजे अजून तिच्यापाशीच. शब्द देऊनसुद्धा — ह्यांना नाही सोडणार तिच्या घशात. मुकादमीण हात धरते आहे. झटकला. जाते —

रविवार

धुलाईघर. कुणी नाही. पाणी गुडघ्यापर्यंत, चादरी तरंगतायत. मी आत आले आणि मागचं दार — तेवढं एकच — सावकाश खाली आलं. बोटभर फट उरलीय पाण्याखाली.

जिन्यावरून ह्यांचा आवाज. वरून. ‘अगं’ नाही म्हणत. माझं नाव घेतायत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, नाव घेऊन, मोठमोठ्यानं —

मी ओ दिली. त्याआधीच कुणीतरी दिली. भिंतीतून. माझ्या आवाजात. “अहो, या ना, या.”

पावलं वाजतायत. उतरतायत. माझा घसा बसला, दारावर थापा मारून हात सोलले. हे पान फाडून फटीतून सरकवते — अहो, येऊ नका. ती मी ना—