अकराव्या मिनिटाला

३ मार्च
मानवजातीवर आजवर पुष्कळ अन्याय झाले. पण कॉम्प्युटर सुरू व्हायला चौदा मिनिटं लागावीत आणि सुरू झाल्यावर अकराव्या मिनिटाला त्याने न सांगता डोळे मिटावेत, यासारखा दुसरा नाही. मशीन दादाचं, त्याच्या खुर्चीसकट माझ्याकडे आणलंय. दादा जाऊन आठ महिने झाले. आत त्याच्या आवाजाची रेकॉर्डिंग्ज आहेत. वहिनी म्हणाली, भाऊजी, आवाज विसरत चाललेय हो मी. म्हटलं, रविवारपर्यंत ऐकवतो. मेकॅनिक कशाला? मी आहे ना.

४ मार्च
व्हायरस असणार. स्कॅन लावला. अकराव्या मिनिटाला बंद. निदान पक्कं: व्हायरस हुशार आहे.

५ मार्च, दुपारी ४
बंद पडण्याआधी आतून आवाज येतो. दादा खाकरायचा, अगदी तसा. मी ‘आलो’ म्हणत उठलो. बायकोने विचारलं, कोण बोलावतंय? म्हटलं, कुणी नाही. स्क्रीनवर अजून त्याचंच नाव येतं. त्याच्या खुर्चीत बसत नाही, स्टूल घेतलंय. पाठीला बरं असतं.

६ मार्च
मशीन सुरू होताना म्हणतं, मागच्या खेपेला अचानक बंद पडलो, कारण ठाऊक नाही. दादाबद्दल डॉक्टरही हेच म्हणाले होते.

७ मार्च
वहिनीचा फोन. म्हटलं, नव्वद टक्के झालंय. उरलेले दहा टक्के म्हणजे कॉम्प्युटर.

८ मार्च, रविवार
मूळ सापडलं! डिस्क गच्च भरलेली. जे जे जड दिसलं ते उडवलं, रिसायकल बिनसकट. आता चार मिनिटांत सुरू. याला जाणता हात लागतो.

९ मार्च
रेकॉर्डिंग्ज जड होती.

१० मार्च
वहिनीकडे जाऊन सांगितलं, व्हायरसने खाल्ली. ती म्हणाली, तुम्ही तरी काय करणार. चार शिव्या दिल्या असत्या तर घशाखाली जेवण तरी गेलं असतं.

१२ मार्च
शेवटी रिपेअरवाली आली. आधी कॅबिनेटवरचं कापड उचललं. दादा गेल्यावर वहिनीने शिवलेलं कव्हर. मशीन चालू असतानाही मी काढत नव्हतो. काढवत नव्हतं. ती म्हणाली, काका, गोधडी पांघरून कुणाला पळायला लावाल का? जीव गुदमरतो, तापतो, बंद पडतो. ब्लोअरने पंख्यातली धूळ उडवली. मशीन तासभर चाललं. एकदाही खाकरलं नाही. उगाचच कसंतरी झालं.
उडवलेल्यातलं एक रेकॉर्डिंग मिळालं. एकच. नऊ सेकंदांचं.

१३ मार्च
वहिनीला आधी कबूल केलं, मीच उडवली. म्हणाली, ठाऊक होतं; व्हायरसचं नाव घेताना कान लाल झाले होते तुमचे. लावा आता.
दादा स्वतःलाच बजावत होता: लायब्ररीचं मासे पाळायचं पुस्तक परत करायचंय, फार दिवस झाले, विसरू नकोस गाढवा.
बस. एवढंच. वहिनीने सहा वेळा ऐकलं. हसली, डोळे पुसले. म्हणाली, बघा, गेले तरी कामं सांगतायतच.

१४ मार्च
पुस्तक दादाच्या पलंगाखाली सापडलं. लायब्ररीत नेऊन दिलं. कार्डावर नाव दादाचं. ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, फार उशीर केला हो यांनी.
म्हटलं, त्याने नाही. मी.