माझ्या आवडीच्या मालिका आणि सासूबाईंचा पाय

५ जानेवारी
संकल्प: यंदा टीव्हीबद्दलची मतं फुकट वाटायची नाहीत. आधी इथे लिहायची, मुरू द्यायची, मग लायक माणूस बघून द्यायची. आजवर माझी निम्मी मतं दुकानात खर्ची पडली. चष्म्याचा नंबर काढताना मी बोलतो आणि गिऱ्हाईकं काय मन लावून ऐकतात! हनुवटी मशिनवर, कपाळ पट्टीला टेकलेलं, पापणीसुद्धा लवत नाही. मालक म्हणतात, मशिनवर हलायचं नसतं म्हणून ते हलत नाहीत. मालकांना काचा कळतात, कला कळत नाही.

सध्याची शिफारस: 'अक्कलदाढ'. एक दंतवैद्य खुनांचा तपास करतो. संशयिताच्या तोंडात आरसा घालूनच जबाब घेतो, त्यामुळे एकालाही धड बोलता येत नाही. सस्पेन्स कायम. अवश्य पहा.

९ जानेवारी
'अक्कलदाढ' बंद. कारण दिलं नाही. चॅनलला कडक ईमेल पाठवला.

१० जानेवारी, संध्याकाळ
घरची परिस्थिती एकदा लिहून टाकतो. सासूबाई गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, तेव्हापासून आमच्याकडेच आतल्या खोलीत. डॉक्टर म्हणतात चाला, त्या म्हणतात बघू. फिजिओ येतो, हातापाया पडतो आणि जातो. फक्त संध्याकाळी सातला 'दोन किल्ल्या' लागली की जाहिरातींच्या वेळात त्या आपण होऊन पलंगाचा कठडा धरून उभ्या राहतात आणि पाय हलवतात. पुढे काय होणार म्हणून त्यांना बसवत नाही. फिजिओने बायकोला स्वच्छ सांगितलंय, ही मालिका आहे तोवर पाय आहे. मालिका गेली की यांचा पाय कायमचा बसला.

'दोन किल्ल्या'विषयी माझं मत: भिकार. दोन बहिणी, एक तिजोरी, दोघींकडे एकेक किल्ली. दोन्ही एकदम लावल्याशिवाय तिजोरी उघडत नाही आणि बहिणींचं एकमेकींशी बोलणं नाही. सहा वर्षं हेच. मी रोज पलंगाशेजारी खुर्ची टाकून सासूबाईंना समजावतो की यात काही अर्थ नाही. त्या निमूट ऐकतात. मधेच उठून न जाणारा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

२६ जानेवारी
शिफारशी, ताज्या:
'पाणबुडीतला शेफ'. स्वयंपाकाची स्पर्धा, पाणबुडीत. धूर करायचा नाही, त्यामुळे सगळे नुसती काकडी चिरतात. उत्कंठा विलक्षण.
'जोडा कपाट'. नवराबायकोंनी कॅमेऱ्यासमोर कपाट जोडायचं. जे बोलतील ते बाद.
दोन्ही अवश्य पहा. शेजाऱ्यांना जिन्यात गाठून सांगितलं. त्यांना घाई होती, तरी एक मजला थांबले.

१४ फेब्रुवारी
'पाणबुडीतला शेफ' बंद. 'जोडा कपाट' तिसऱ्याच भागात बंद, कपाटाला एक दार लागलं होतं. दुसऱ्या दाराचं काय झालं ते आता कधीच कळणार नाही. वाईट वाटलं.

बायको म्हणाली, तुम्हाला जे आवडतं ते बंद पडतं, लक्षात आलंय का? मी म्हटलं, माझी अभिरुची काळाच्या पुढे आहे, काळ धापा टाकत मागून येतोय. ती म्हणाली, मग 'दोन किल्ल्या'ला भिकारच म्हणत राहा, पाया पडते तुमच्या. तिला माझी टीका पटायला लागलेली दिसते.

२० फेब्रुवारी
चॅनलचा फोन! प्रेक्षक-संशोधन विभागाच्या बाई. माझे सगळे ईमेल त्यांनी वाचलेत. सगळे! रविवारी घरी येणार. योजना: केस कापणे. दुकानातून काळी जाड फ्रेम आणणे, साध्या काचेची. मला नंबर नाही, पण समीक्षकाला असावा.

२३ फेब्रुवारी
बाई आल्या. लॅपटॉपवर एक नवी, अजून न दाखवलेली मालिका लावली. नायक हवामान खात्यात, नायिका छत्र्यांच्या कारखान्यात. तो ऊन सांगतो, तिचा धंदा बुडतो. मी परखडपणे सांगितलं, टाकाऊ आहे. बाईंनी विचारलं, थोडीसुद्धा नाही आवडली? एखादा प्रसंग? एखादी छत्री? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला आणि फोन लावून एवढंच म्हणाल्या, करा सुरू.

जाताना माझे दोन्ही हात हातात घेतले. टीका इतक्या खिलाडूपणे घेणारी माणसं मी पाहिली नाहीत.

१५ मार्च
छत्रीवाली मालिका पहिल्या नंबरवर. माझ्या सूचनांनुसार सुधारली असणार. बायकोने विचारलं, कुठल्या सूचना? तुम्ही तर नुसतं टाकाऊ म्हणालात. मी म्हटलं, सुज्ञाला तेवढं पुरतं.

चॅनलने मला 'विशेष सल्लागार' नेमलं. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र पाठवलं, फोटोसकट. पगार नाही, पण पत्राला चांगलं जाड प्लास्टिक आहे. दुकानात घालून गेलो. मालक म्हणाले, मशिनला आपटतंय, काढून ठेवा. जळफळाट.

२ एप्रिल
एक नाजूक गोष्ट. इथेच लिहितो, कुठे बोलायची नाही.
आज 'दोन किल्ल्या'त धाकटीने स्वतःची किल्ली उशीखाली ठेवली आणि दिवा मालवण्याआधी मोठीच्या खोलीकडे एकदा पाहिलं. बस, एवढंच. माझ्या घशात काहीतरी आलं. धूळ असेल.

५ एप्रिल
धूळ नाही. मला ही मालिका आवडते.

६ एप्रिल
बायकोने माझे डोळे पाहिले. थेट टीव्हीसमोर उभी राहिली आणि विचारलं, रडताय का? मी म्हटलं, भिकारपणा असह्य झाला. ती म्हणाली, खरं सांगा. मी साध्या काचेचा चष्मा पुसायला घेतला. ती मटकन पलंगावर बसली. सासूबाईंनी दोघांना बाजूला व्हायला सांगितलं, काही दिसत नव्हतं.

नंतर स्वयंपाकघरात बायकोने सगळं फोड करून सांगितलं. चॅनलला म्हणे कळून चुकलंय की मला आवडेल ते बुडतं आणि नावडेल ते चालतं. म्हणून त्यांनी मला बांधून ठेवलंय. हवामानासाठी काही लोक गुडघेदुखी विचारतात, तसं. मी पोट धरून हसलो. ती हसली नाही. म्हणाली, आईच्या पायाचा प्रश्न आहे.

१० एप्रिल
बाईंचा फोन. गुरुवारी जुन्या मालिकांची बैठक. 'दोन किल्ल्या' चालू ठेवायची की आवरायची, माझं मत निर्णायक. काय बोलायचं ते ठरलं आहे: उत्कृष्ट! मतांशी बेइमानी आजवर केली नाही, पुढेही करणार नाही. बायकोची थिअरी म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा. मला आवडलं तर मालिका आणखी दहा वर्षं चालेल.

बायको बोलत नाही. भांडी बोलतात.

१६ एप्रिल, संध्याकाळ
उद्या बैठक. सासूबाईंना सगळं माहीत आहे, बायकोने सांगितलं असणार. त्या म्हणाल्या, माझ्या पायाकडे बघू नका, तुम्हाला जे वाटतं तेच बोला. आणि भिंतीकडे तोंड केलं.

पण जाहिरात लागली तशा उठल्या. कठडा सोडून त्यांनी माझा खांदा धरला आणि एक पाऊल टाकलं. एक पूर्ण पाऊल. म्हणाल्या, बोलतील ना हो त्या दोघी कधीतरी? मी म्हटलं, बोलतील. मला फार भरून आलं. मी त्यांना पुन्हा बसवलं आणि बराच वेळ काही बोललो नाही. मालिकेबद्दलसुद्धा नाही.

१७ एप्रिल
चॅनलच्या ऑफिसात लांब टेबल, सगळ्यांसमोर पाण्याच्या बाटल्या. बाईंनी विचारलं, 'दोन किल्ल्या'? मी उभा राहिलो. खोटं बोललो. म्हटलं, भिकार. अगदी भिकार. टेबलाभोवती टाळ्या पडल्या. एकाने मला बिस्किटांची बशी सरकवली.

बायकोच्या थिअरीवर माझा विश्वास नाहीच. पण खांद्यावर अजून त्यांची बोटं जाणवत होती. घरी आल्यावर बायकोने काही न विचारता चहा दिला. चांगला झाला होता.

३ मे
'दोन किल्ल्या'ला तीन वर्षांची मुदतवाढ! मोठं बजेट, नवे लेखक. सासूबाईंनी आज दोन पावलं टाकली. विशेष सल्लागार हे पद मला लहान पडतंय. बाईंना म्हणावं, कायमस्वरूपी करा. दुकान सोडण्याचा विचार. मालकांना सूचक बोललो. ते म्हणाले, कधीपासून? फारच उत्साहाने विचारलं.

२१ मे
नव्या लेखकांनी तिजोरी उघडली. आत दुसरी तिजोरी. तिला चार किल्ल्या. त्या चौघी चुलत बहिणींकडे. चौघींचं एकमेकींशी बोलणं नाही.

मला प्रचंड आवडलं. तोंडावर मात्र नापसंती ठेवली. गाल दुखले.

९ जून
सासूबाई जाहिरातीत उठल्या नाहीत. म्हणाल्या, आता कोण कोणाची बहीण तेच कळत नाही, कशाला उठू? फिजिओने पाय दाबून पाहिला आणि बायकोकडे बघून मान हलवली. बायको बाल्कनीत जाऊन रडली. मी दारात उभा होतो, पुढे जायचा धीर झाला नाही.

१२ जून
बाईंचा फोन. सूर वेगळा. 'दोन किल्ल्या' रसातळाला गेली, पण तीन वर्षांचे पैसे आधीच मोजलेत, आता बंदही करता येत नाही. विचारलं, खरं सांगा, तुम्हाला ती मालिका मनातून आवडत होती का? मी म्हटलं, हो. खूप. बाई म्हणाल्या, एवढं एकच काम होतं हो तुमचं. आणि रडल्यासारखा आवाज आला. ओळखपत्र परत मागवलंय.

म्हणजे बायकोची थिअरी.
आज यावर लिहायचं नाही.

१५ जून
नवा संकल्प. चूक माझी, ती मीच निस्तरणार. मालिका बंद पडणार नाही, एवढं तर नक्की. आता फक्त सासूबाईंना तिची गोडी परत लावायची. त्यासाठी रोज सात ते साडेसात, आणि नंतर अर्धा तास, प्रत्येक प्रसंगाचं सविस्तर रसग्रहण. चारी चुलत बहिणींची मनं उलगडून दाखवायची. उत्सुकता परत आली की पाय आपोआप येईल. टिपणं काढली.

१८ जून
थोरल्या चुलत बहिणीच्या भुवयांवर बोललो. सासूबाईंनी पांघरूण डोक्यावरून घेतलं. एकाग्रतेसाठी.

२२ जून
किल्लीच्या दात्यांचा प्रतीकात्मक अर्थ. पलंग दोनदा करकरला. अस्वस्थता म्हणजे उत्सुकतेची पहिली पायरी. योग्य मार्गावर आहोत.

२४ जून
चमत्कार! तिसऱ्या बहिणीच्या मौनातल्या सूक्ष्म छटांवर होतो, पहिली छटा झाली होती, दुसरी सुरू करतोय तोच सासूबाई उठल्या. कठडा नाही, खांदा नाही. भिंतीला एक हात लावून दारापर्यंत गेल्या आणि बाहेर. जाहिरात नव्हती. मालिका ऐन रंगात होती! बायको स्वयंपाकघरातून धावत आली, हातात चमचा. दोघी पॅसेजमध्ये एकमेकींना धरून उभ्या होत्या. मी खोलीतूनच ओरडून सांगितलं, बघा, रसग्रहणाची ताकद!

२७ जून
फिजिओ आला. सासूबाईंना चालताना पाहून त्याने दोनदा डोळे पुसले. विचारलं, आजी, कसं जमलं हो, मी इतके महिने विनवतोय? सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, हे मत सांगायला लागले की खोलीत थांबवत नाही. वर्षभर पडून ऐकलं. परवा पाय आपले निघालेच.

फिजिओ हसू दाबत होता, त्याला खोकला आला. बायको खिडकीबाहेर बघत होती, तिचे खांदे हलत होते. मी हॉलमध्ये जाऊन बसलो. म्हणजे मशिनवरची गिऱ्हाईकंसुद्धा. मालक खरं बोलत होते. फार लागलं. टीव्ही लावला नाही.

२८ जून
आज मतं दिली नाहीत. सातला गप्प बसलो. सासूबाई पलंगावरून हलल्या नाहीत. शांतपणे पडून होत्या, चेहऱ्यावर समाधान.

२९ जून
सकाळी बायको शेजारी येऊन बसली. म्हणाली, संध्याकाळी मत द्याल ना? मी म्हटलं, मला? लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं मत तिने आपण होऊन पहिल्यांदा मागितलं. ती म्हणाली, जरा लांबवा, जिन्यापर्यंत जाता आलं पाहिजे असं फिजिओ म्हणतोय.

विचार करून सांगतो म्हटलं. विचार केला नाही.

२९ जून, संध्याकाळ
सातला खुर्ची टाकून बसलो. मी तोंड उघडताच सासूबाईंनी चपला घातल्या. रिकाम्या पलंगाला चौथ्या बहिणीचा स्वभाव समजावून सांगत राहिलो, आवाज पॅसेजमध्ये पोचेल असा. बऱ्याच वेळाने त्या दारात आल्या. दमल्या होत्या, पण उभ्या होत्या, कशालाही न धरता. विचारलं, झालं का बोलून? मी म्हटलं, दोन मुद्दे राहिलेत. त्या वळल्या आणि आणखी एक फेरी मारायला गेल्या.