मेण लावलेले स्क्रू

आप्पा, रेडिओ बिघडला म्हणून कुणी घरी आलं तर तुम्ही तो लगेच उघडायचा नाहीत. रेल्वेच्या सिग्नल खात्यातली ड्युटी संपवून आलेले असायचात, आई पोळ्या लाटत असायची, आणि ओट्याच्या मोकळ्या टोकाला सेट ठेवून तुम्ही आधी माणसाला प्रश्न विचारायचात. शेवटचा नीट कधी लागला? त्यानंतर घरात काय बदललं? काय लागतं आणि काय लागत नाही? लोक वैतागायचे. बाजारातला मिठाईवाला एकदा म्हणाला, "अहो, डॉक्टरसुद्धा एवढं विचारत नाही." तुम्ही म्हणालात, "डॉक्टरचा पेशंट बोलतो. हा बोलत नाही, म्हणून तर आणलात." निम्मे सेट स्क्रूड्रायव्हर न लावताच सुधारून परत जायचे. प्लग सैल असायचा, किंवा उंदरानं तार कुरतडलेली असायची. उघडावा लागलाच, तर आतल्या चंदेरी डब्यांवरचे मेण लावून बंद केलेले छोटे स्क्रू तुम्ही मला दाखवायचात. हे कारखान्यात एकदाच लावतात, म्हणायचात, यांना हात लावला की सगळी स्टेशनं जागची हलतात. मी ऐकायचो. मी पुण्याला साहित्य शिकत होतो आणि तुमची पद्धत मला संथ वाटायची.

त्या डिसेंबरात तुम्ही दम्यानं अंथरुणाला खिळला होता. लढाई संपून आठवडा झाला होता. मळवलीहून एक माणूस आला, अंगणातच उभा राहिला, म्हणाला, "आत येत न्हाई, सुतक हाय." त्याचा धाकटा भाऊ फौजेत होता. बेपत्ता असल्याची तार आली, आणि ती वाचून घेतल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचे वडील गेले. सीमेपलीकडचं स्टेशन रोज संध्याकाळी सात वाजता धरलेल्या जवानांची नावं वाचतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. घरात बंगलेवाल्या शेटनं दिलेला सेट होता. चार दिवस ते ऐकत होते आणि आता ऐकू येईना. "आबांना घेऊन जातो," तो म्हणाला; बाहेरचे लोक तुम्हांला आबा म्हणायचे. तुम्ही आतून खोकत म्हणालात, "हा जाईल. जाऊन आधी विचार, मग उघड."

मी विचारलं नाही. हे तुम्हांला मी कधी सांगितलं नाही, पण तुम्हांला ते कळलं असणार.

मळवलीचं ते घर शेटच्या बंगल्याच्या मागे आहे, भाताच्या खाचरांना लागून. जवानाची बायको माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. ती सेटजवळ बसली आहे, डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. शेजारची एक म्हातारी उंबऱ्याबाहेरून म्हणते, "सुतकात बी रेडू लागतोय व्हय गं तुमच्यात?" ती मान न वळवता म्हणते, "गाणी न्हाई, आजी. नावं." मग मला म्हणते, "दादा, पुणं लागतंय, मुंबई लागतीय. त्यांचं तेवढं लागंना. नुसती खरखर." तुम्ही तिथं असता तर एवढ्यावर उठला असता. पुणं-मुंबई लागतात म्हणजे सेट शाबूत आहे, दोष बाहेर आहे. मी पाठीमागचा पुठ्ठा काढला. साडेपाच वाजले होते, सातच्या आत व्हायला हवं होतं, आणि ती माझ्या हाताकडे बघत होती. मी आतले काचेचे व्हॉल्व्ह काढून परत बसवले. काही झालं नाही. मग नखानं मेण उकरलं आणि पहिला स्क्रू फिरवला. खरखर थोडी कमी झाल्यासारखी वाटली, म्हणून दुसरा फिरवला. मग तिसरा. साडेसहाला मुंबई गेली. पावणेसातला पुणं गेलं. सात वाजता त्या खोलीत एक लाकडी खोकं होतं, त्यात पिवळा दिवा जळत होता, आणि त्यातून काहीही येत नव्हतं.

ती रडली नाही. सात वाजून वीस मिनिटांनी, वाचन संपायच्या सुमाराला, तिनं विचारलं, "आज आलं असंल का हो?" थोरला भाऊ म्हणाला, "गप बस." म्हातारी सासू कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती म्हणाली, "आज आलं असंल आन् आमी हितं बसल्यालो." कुणी मला बोललं नाही. कुणी बोललं असतं तर मी माफी मागितली असती. मी म्हणालो, "काल आमच्या घरी ऐकलं मी, ते तुमचेच हे आत्ता ध्यानात आलं. त्यांचं नाव होतं."

मी नाव ऐकलं नव्हतं, आप्पा. आदल्या संध्याकाळी आपल्या घरी रेडिओ लावलाच नव्हता, तुमचा डोळा लागला होता म्हणून.

ती उठून उभी राहिली. "नंबर बी सांगितला?" फौजेतला नंबर तिला पाठ होता. तो तिनं एकेक आकडा सुटा करून म्हटला. "ह्योच का, दादा?" मी म्हटलं, "हाच." सासू उठून बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "तुझा बाप चार दिस थांबला असता तर रं." थोरल्यानं माझे दोन्ही हात धरले. सेट नीट करून आणतो म्हणून मी तो पोत्यात घालून घेतला आणि पॅसेंजरनं घरी आलो. तुम्हांला सांगितलं की मेण आधीच फुटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी थोरला परत आला. फौजेच्या कचेरीत त्यानं सांगून पाहिलं, त्यांच्याकडे अशी नोंद नव्हती. "आबा, नाव परत वाचत्यात म्हणं. एकदा आमच्यात येऊन, समद्यांसमोर तुमी सोता ऐका. मग ते मानतील." तुम्ही मला पलंगाजवळ बोलावलंत. ती पाच-सात मिनिटं माझ्या आयुष्यातून काढता आली असती तर मी बाकीचं काही मागितलं नसतं. तुम्ही विचारलंत, "कुठल्या दिवशी?" मी सांगितलं. "किती वाजता?" सांगितलं. "मी झोपलो होतो. आवाज बारीक होता?" हो. "त्याच्या आधी कुणाचं नाव वाचलं?" मी एक नाव सांगितलं, कॉलेजातल्या एका मुलाचं. "नंतरचं?" नंतरचं आठवत नाही म्हणालो. मग म्हणालात, "ठीक आहे. एकदा वाचलं म्हणजे परत वाचतील." आणि आईला कानटोपी काढून द्यायला सांगितलंत.

आई म्हणाली, "हा जाईल की." मी म्हटलं, माझा अभ्यास आहे. खरं कारण, त्या जवानाच्या बायकोसमोर बसायची माझी तयारी नव्हती.

आपला स्वतःचा सेट पोत्यात घालून, खांद्यावर घेऊन, तुम्ही त्या थंडीत रोज साडेपाचच्या पॅसेंजरनं मळवलीला गेलात. पहिल्या संध्याकाळी तुमचाही सेट तिथं खरखरला. परत आल्यावर तुम्ही आईला हसत सांगत होता, मी दुसऱ्या खोलीतून ऐकत होतो. तुम्ही त्यांना विचारलंत, सेट शेवटचा लागला त्यानंतर घरात काय बदललं? थोरला म्हणाला, बाप गेला, दुसरं काय बदलणार? मग तुम्ही अंगणात गेलात. त्या भागातल्या बहुतेक घरांत रेडिओची जमिनीत जाणारी तार तुम्हीच तुळशी वृंदावनात पुरून दिली होती, तिथं रोज सकाळी पाणी पडतं, माती ओली राहते, म्हणून. सुतक लागलं तसं घरातल्या कुणी तुळशीला पाणी घातलं नव्हतं. माती कोरडी पडून भेगाळली होती. जवळची स्टेशनं तशीही लागतात, लांबची बुडतात. तुम्ही बाहेरचे, तुम्हांला सुतक नव्हतं. दोन कळश्या पाणी तुम्ही ओतलंत आणि सातला ते स्टेशन शेजारच्या खोलीतून बोलावं तसं लागलं.

दोन कळश्या पाणी. मी हे पुढे कितीदा मनात म्हटलं असेल.

नाव आलं नाही. तुम्ही घरी येऊन म्हणायचात, "आज नाही आलं." तुमचा श्वास जिन्याशीच ऐकू यायचा. सहाव्या दिवशी ताप होता. आईनं पोतं लपवलं, तुम्ही ते शोधून काढलंत. "त्या पोरीनं हिरव्या बांगड्या भरल्यात गं," म्हणालात, "याच्या ऐकण्यावर भरल्यात. आता मधेच सोडू कसा?" मी दारात उभा होतो. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी अकरा संध्याकाळी ते वाक्य जुळवत होतो आणि अकरा संध्याकाळी तुम्ही निघून जायचात. बाराव्या दिवशी तुम्हांला उठता आलं नाही. रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुफ्फुसं भरलीत, या माणसाला थंडीत बाहेर कुणी सोडलं? आईनं माझ्याकडे बघितलं. तिला काय माहीत होतं कोण जाणे.

शेवटच्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "त्यांचा सेट लावून ठेवलाय. पोचव." आजारपणात, दुपारी बसून, कानानं एकेक स्क्रू जागेवर आणला होता तुम्ही. मग म्हणालात, "मेण ताजं फुटलेलं होतं रे." पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. मी वाट पाहत होतो तुम्ही विचाराल म्हणून, आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी नाव ऐकलंच नव्हतं ही दुसरीही गोष्ट तुम्हांला कळली होती का, आणि कळूनही तुम्ही त्या पोरीसाठी पोतं उचलत होता का, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे. याचं उत्तर फक्त तुमच्याकडे होतं.

तो जवान परत आला नाही. कैदी सुटून आले त्यांत तो नव्हता. काही वर्षांनी सरकारनं कागद पाठवला, सही केली की तो मृत धरला जाणार होता. तिनं सही केली नाही. ती अजून तिथंच आहे, बंगल्याची राखण करते. सासू गेली, दीर गेला. केस पांढरे झालेत, कुंकू तसंच आहे. मी निवृत्त झाल्यावर सगळं सांगायचं ठरवून दोनदा गेलो आणि दोनदा फाटकावरून परतलो. गेल्या आठवड्यात आत गेलो. तिनं लगेच ओळखलं. शेजारच्या बाईला हाक मारून म्हणाली, "ये गं, बघ कोण आलंय. ह्यांनी ऐकलं हुतं." शेजारीण म्हणाली, "व्हय? तुमीच का ते?" चहा आला. मी कप खाली ठेवला आणि बोलायला सुरुवात केली, म्हटलं, त्या दिवसाबद्दल एक सांगायचं होतं. ती पुढं सरकली. "सांगा की," ती म्हणाली, "कसं म्हणले हुते त्यांचं नाव?"

मी म्हटलं, बाईचा आवाज होता, आणि तिनं नाव दोनदा वाचलं. हे मी पूर्वी कधीच म्हटलं नव्हतं, आप्पा. हे मी गेल्या आठवड्यात नव्यानं घातलं.