बाळंतिणीची खोली

४ फेब्रुवारी २०२४

आले एकदाची! निपाणीचा पसारा आवरून भांडीकुंडी, शिलाई मशीन आणि मी, असे सगळे एका टेंपोतून बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याला उतरलो. हमरस्त्यावर कारखाने आणि कंटेनर, पण आत वळलं की जुन्या गावाची एक गल्ली अजून शिल्लक आहे. तिच्या टोकाला मी घेतलेलं हे घर. मंगळुरी कौलं, लाल ऑक्साइडची जमीन, तीही कुठे कुठे इतकी गुळगुळीत की वाकून केस विंचरावेत. मागे शेवगा आहे, शेंगांनी लगडलेला. भिंतींना ओल आहे आणि आतल्या खोलीचा गिलावा खरूज झाल्यासारखा सुटलाय. असू दे. म्हातारं माणूस आणि म्हातारं घर, एकमेकांचं दुखणं समजून घेऊ.

माझ्या लेकीला, प्रणिताला, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे ठरलेलं. पण माहेर निपाणीला आणि तिची डॉक्टर इथे. मग मीच माहेर उचलून इथे आणलं. तिचा फ्लॅट एचएसआर लेआउटला, म्हणजे निपाणीच्या मानानं हाकेच्या अंतरावरच म्हणायचा. ती म्हणत होती, अगं आई, भाड्यानं छान टू बीएचके घेऊ, लिफ्ट असते. म्हटलं, लिफ्टला कुणी माहेर म्हणत नाही. जावई अजिंक्य हसत तिला म्हणाला, आईंशी आर्ग्युमेंट करू नकोस, हरशील.

९ फेब्रुवारी

महांतेश मेस्त्री रोज फोनवर ‘नाळे बर्तीनी अम्मा’ म्हणतो, उद्या येतो. त्याचा उद्या काही उजाडत नाही. आज त्याला सांगितलं, बाबा, तू सुखात राहा, मीच करते.

करीन की. हे गेले तेव्हा मला सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. जुने ब्लाऊज उसवून उसवून शिवण शिकले. मिक्सर उघडून शिकले, पंख्याचा कंडेन्सर बदलायला शिकले. आता तर फोनवर मुलंमुली हसत हसत गिलावा शिकवतात. थापी, गिलावा घोटायचा रंधा, घमेलं, छिन्नी, हातोडा, सगळं आणलं. दुकानदार म्हणाला, मेस्त्री कुठाय? मी स्वतःकडे बोट दाखवलं. त्यानं हात जोडले.

शेजारी अंबुबाई म्हणून आहेत. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरकर मराठे. त्यांचं मराठी ऐकून गंमत वाटते, अर्धं कानडीत भिजवलेलं. कुंपणावरून ओरडल्या, अक्का, ह्या वयात भिंत लिंपतीस? कंबर गेली तर कोण लिंपणार तुला? म्हटलं, तुम्ही आहात की. सरी सरी, बरं बरं, म्हणत आत गेल्या आणि वाटीभर गोज्जू, त्यांच्याकडचं आंबटगोड कालवण, घेऊन आल्या.

१५ फेब्रुवारी

पहिलं घमेलं कालवलं ते धिरड्याच्या पिठासारखं पातळ झालं. भिंतीवर मारलं ते माझ्याच पायावर आलं. दुसरं जमलं.

आतली खोली बाळंतिणीला द्यायची. वारा लागत नाही, ऊब राहते. शेगडी ठेवायला कोपरा आहे, बाळाच्या पाळण्यासाठी तुळईला कडीही आहे. आज तिथला सुटलेला गिलावा ठोकून पाडायला घेतला. सगळीकडे घट्ट आवाज, पण मधल्या भिंतीत एके जागी डब्यावर टिचकी मारल्यासारखा. छिन्नी लावली तर आत कोनाडा! कुणीतरी बुजवून वरून सारवलेला. उद्या उघडते. लहान पोरासारखी उत्सुकता, झोप लागायची नाही.

१६ फेब्रुवारी

कोनाड्यात चुन्यानं उठवलेला बाईचा मुखवटा आहे, माझ्या पंजाएवढा. डोळे मिटलेले, नाकाला नथीचं भोक. पुढ्यात ओटी. विटलेला खण, काळे पडलेले तांदूळ, हिरव्या बांगड्या, खडखडीत वाळलेला नारळ. कुणाची तरी घरची देवी असणार. नारळाची शेंडी मात्र तिच्याकडे नव्हती, उलटी, बाहेरच्या बाजूला होती. भरणाऱ्या बाईची चूक, म्हटलं.

आता लिहायला संकोच वाटतो, पण रोजनिशीत नाही तर कुठे. हे गेल्यापासून मी कुणाची ओटी भरलेली नाही. कुणी भरू दिली नाही असं नाही. मीच मागे सरकायला शिकले. प्रणिताच्या डोहाळजेवणाला सगळ्या बायका तिची ओटी भरत होत्या आणि मी, तिची आई, लांबच्या खुर्चीवर पाण्याचे ग्लास मोजल्यासारखं करत बसले होते. हात नुसते शिवशिवत होते.

आज घरात पाहायला कोण होतं? पेटीतला नवा खण काढला. तांदूळ, हळकुंड, सुपारी, पाणीदार नारळ. शेंडी तिच्याकडे करून नीट ठेवली. हळदकुंकू लावलं आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, जे माझी आई मला म्हणायची तेच. ये गं बाई, हे तुझंच माहेर. पहिलं बाळंतपण इथंच करू.

मग पोटभर रडले. छान वाटलं.

२० फेब्रुवारी

कोनाडा पुन्हा बंद केला. देवीला धूळ कशाला. वरून गिलावा असा बसलाय म्हणता, रंध्याखाली लोण्यासारखा. आता रोज पाणी मारायचं, म्हणजे तडकत नाही. अंबुबाई म्हणाल्या, अक्का, महांतेशला कामावर ठेवून घे आता, तुझ्या हाताखाली.

२६ फेब्रुवारी

मधली भिंत फार पाणी पिते. बाकीच्या भिंतींवर मारलेलं पाणी ओघळतं, हिच्यावरचं ओघळतच नाही. बादली रिकामी होते आणि भिंत लगेच कोरडी. टँकरच्या पाण्याचे दिवस, जीव तुटतो. व्हिडिओत असलं काही दाखवत नाहीत.

रंगासाठी भिजवलेल्या चुन्याच्या डब्यात आज बोटांच्या रेघा दिसल्या. चाटून खाल्ल्यासारख्या. मांजर असेल.

मांजराला बोटं नसतात, हे लिहिल्यावर लक्षात आलं.

३ मार्च

प्रणिता येऊन गेली. पोट छान पुढे आलंय. खोली बघून गळ्यात पडली, म्हणाली आई, यू आर मॅड, हे सगळं तू केलंस? जेवून तिथेच भिंतीकडे पाठ करून झोपली. मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. उठल्यावर म्हणाली, किती छान पाठ चोळत होतीस गं, आजीसारखी.

मी नुसती हसले. हात शेंगांच्या रसानं माखलेले होते, ते पदराला पुसले.

ती गेल्यावर भिंतीला हात लावला. चारपाच दिवस पाणी मारलेलं नाही. ओली होती. कोमट.

५ मार्च

अजिंक्यचा फोन. स्कॅन झालं. बाळाभोवतीचं पाणी एकदम कमी झालंय. डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलंय, म्हणाले घाबरू नका, पण असं दोन दिवसांत होत नाही सहसा.

मधल्या भिंतीतून पाणी पाझरतंय. आणि तिला फुगवटा आलाय. गिलावा सुटला तर आवाज पोकळ येतो. हा भरीव आहे.

बाळासाठी शिवलेली गोधडी पेटीत होती. ती फुगवट्यापाशी घडी घालून ठेवलेली सापडली.

६ मार्च

अंबुबाईंना आणून दाखवलं. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. कोनाडा, मुखवटा, ओटी, सगळं सांगितलं. शेंडी कुठल्या बाजूला होती, एवढंच त्यांनी विचारलं. सांगितलं तशा पायरीवर बसल्या.

त्यांच्या सासूनं सांगितलेलं त्यांनी मला सांगितलं. ह्या घरात एक सून होती, आगेमागे कुणी नसलेली. सातव्यात ओटी भरायला कुणी आलं नाही, बाळंतपणाला न्यायला कुणी आलं नाही. ह्याच आतल्या खोलीत गेली, पोटातल्यासकट. पुढे ह्या घरात ज्या ज्या बाईला दिवस गेले, तिच्या मागे लागायची. शेवटी घरच्यांनी तिचा मुखवटा करून उलटी ओटी भरली. ह्या घरची नाहीस, कुठलीच नाहीस, जा, असं म्हणून बुजवली.

ती चूक नव्हती अक्का, म्हणाल्या. ती शिक्षा होती. आणि तू तिला माहेर दिलंस. ती आता कशाला जाईल?

मी म्हटलं, उद्या भिंत फोडते. त्या उठल्या. जाताना आपल्या सुनेला हाका मारत गेल्या, की दार लाव, दार लाव.

७ मार्च

हातोडा घातला. एकच घाव. टवका उडाला, आतून पाणी आलं, लालसर.

तेवढ्यात फोन. अजिंक्य रडत होता. आई, प्रणिताला अचानक कळ आली, पोटावर कुणी मारल्यासारखी, ब्लीडिंग होतंय —

हातोडा टाकला. फुगवट्यावर दोन्ही हात ठेवून म्हटलं, चुकले गं पोरी, चुकले. तासाभरानं अजिंक्यचा मेसेज, थांबलंय, आता बरी आहे.

मी तिला पोरी म्हटलं.

९ मार्च

प्रणिताजवळ जायला निघाले. डबा, दुपटी, सगळं घेऊन. ऑटो हमरस्त्याला लागली तोच फोन, कळा वाढल्या, तुम्ही कुठे आहात? तशीच पुढे जाऊ दिली ऑटो. पुन्हा फोन, बाळाचे ठोके कमी येतायत. ड्रायव्हरला म्हटलं, वळव. तो म्हणाला, एन् अम्मा, काय हे, हॉस्पिटल तिकडे. वळव म्हणून ओरडले.

घरात पाय ठेवला आणि मेसेज. ठोके नॉर्मल.

आई बाळंतिणीला सोडून जात नाही. भिंतीतलीला तेच हवंय. माझी लेक तिथे एकटी, आणि मी इथे ह्या —

११ मार्च

प्रणितानं विचारलं, आई, तू येत का नाहीस? नर्ससुद्धा विचारते. काय सांगू. म्हटलं, पाय मुरगळलाय. ती म्हणाली, मला भीती वाटते गं. बाळ हलत नाही फारसं.

इथे हलतंय. गिलाव्याखाली, डावीकडून उजवीकडे. हात ठेवला तर टाच लागते.

उलटी ओटी भरायचा प्रयत्न केला. शेंडी बाहेर करून भिंतीपाशी ठेवली, जा म्हटलं. नारळ आपोआप फिरला. सावकाश. शेंडी तिच्याकडे.

१२ मार्च

तिला खायला घातलं. तूप-भात. घास भिंतीला लावला तर जिरला. म्हटलं, तुझं सगळं करीन, शेक, आंघोळ, डिंकाचे लाडू, आयुष्यभर इथेच राहीन. फक्त माझ्या लेकीचं लेकीला दे.

भिंत हसत नाही. पण गिलावा बारीक बारीक तडकला, ओठासारखा.

१३ मार्च, सकाळ

ह्या क्षणी नेतायत तिला ऑपरेशनला. अजिंक्यनं फोन चालू ठेवलाय, दाराबाहेर उभा आहे. इथेही सुरू झालंय. भिंतीला कळा येतायत. खोली कण्हते. चुना, ओली माती, रक्त, असा वास.

मी पाठ लावून बसलेय भिंतीला. पाय रेटून. प्रणिताचं होईपर्यंत हिचं होऊ द्यायचं नाही. एका हातानं लिहिते म्हणजे शुद्ध राहते. पाठीत ढुशा —

अंबुबाईंना हाक मारली. खिडकी लावून घेतली त्यांनी.

अजिंक्य बोलतोय. झालं. मुलगी झाली. मुलगी.

रडत नाही म्हणतोय. आई, ती रडत नाहीये. डॉक्टर पाठीवर थोपटतायत. आई, आई, ती रडत का नाही —

इथे रडतंय.

माझ्या पाठीमागे. भिंतीत. चांगलं खणखणीत.

फोडली. हातोडा नको होता, नखांनीच निघाला गिलावा. आत अंधार, ऊब, आणि एक मूठ. एवढीशी. प्रणिताचीच बोटं, लांबसडक. रडणं माझ्या नातीचं आहे आणि मी ते घेऊन येणार. तिथे तिच्या तोंडात घालणार, कसंही.

आतून ती म्हणाली, आई, आधी मला हात दे.

दोन्ही हात लागतील. पेन सोडवत नाही. अजिंक्य ओरडतोय, एक मिनिट आई, बहुतेक — बहुतेक श्वास —

एका हातानं धरलं मी बाळाला. आतून तिनं माझं लिहितं मनगट