तृतीय व्यक्तीचा अर्ज

तीर्थस्वरूप ताईंना,

साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नाही, तेव्हा कागदावरच घालतो आहे. मानून घ्यावा.) तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का? साडूभाऊ कानाचं यंत्र कानात घालू लागले, की ते अजून डबीतच बसून ऐकतं आहे? मी बरा आहे. भाजीत मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही, पण नाव ठेवायला समोर कोणी नसल्यामुळे खपून जातं.

पत्रास कारण तसं काही नाही. तुमची बहीण गेल्यापासून आपलं धड बोलणं झालं नाही, आणि फोनवर मी कसा बोलतो (म्हणजे बोलत नाही) हे तुम्ही जाणताच. शिवाय मध्यंतरी एक गंमत घडली, ती तुमच्या कानावर घालावी म्हटलं.

झालं असं, की मला तिचा आवाज आठवेनासा झाला. वाक्यं सगळी आठवतात, अगदी मला उद्देशून असलेलीसुद्धा, पण ती माझ्याच आवाजात ऐकू येतात. घरात तिचे फोटो ढीगभर आहेत, आवाज मात्र औषधालाही नाही. कोणी मोबाइल पुढे धरला, की एरवी न मिटणारं तोंड ती घट्ट मिटून घ्यायची. एक अख्खी दुपार मी घरभर तिची एखादी हाक आठवत फिरलो, आणि ती काही येईना. मी फार घाबरलो, ताई.

त्याच आठवड्यात वॉशिंग मशीनचा दुरुस्तीचा करार रद्द करायला मी कंपनीला फोन केला. (तेच मशीन, जे कपडे पिळताना न्हाणीघरातून चालत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचं.) पलीकडून ती नेहमीची यांत्रिक बाई म्हणाली, की सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी हे संभाषण रेकॉर्ड केलं जाईल. सेवेचा दर्जा कधी सुधारला नाही हे मी सांगू शकतो, पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुमची बहीण ह्या कंपनीशी जितकं बोलली, तितकं माझ्याशीही बोलली नसेल. म्हणजे ती तिकडे आहे! कुठल्या तरी कपाटात बसून अजून त्यांना फैलावर घेते आहे!

वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, की कंपनीकडे असलेली आपली खासगी माहिती मागण्याचा आता कायदाच आहे. उभा जन्म कचेरीच्या दाराशी बसून मी दुसऱ्यांचे अर्ज टाइप केले, तेव्हा माझा हात कोण धरणार? समास सोडून, विषय अधोरेखित करून अर्ज धाडला. उत्तर आलं, की माहिती ज्या व्यक्तीची आहे तिने स्वतः, ओळखपत्रासह, अर्ज करावा. मी कळवलं, की सदर व्यक्ती वारली आहे. त्यावर त्यांनी अतीव दुःख व्यक्त केलं, आणि सदर व्यक्तीने सवडीने अर्ज केला तरी चालेल असं लिहिलं.

मग मीही हुशारी केली. मशीन माझ्या नावावर आहे. तेव्हा 'ग्राहक' म्हणून माझीच माहिती मागितली. आपलीच वस्तू आपण मागायची, ह्यात कोणाच्या बापाचं काय जातं? त्यांनी माझा फोटो मागवला, तो हसरा आहे म्हणून परत केला (हल्ली माझा कोणाला हसरा वाटतो, ह्याचंच मला आश्चर्य), आणि अखेर एक दिवस सगळी रेकॉर्डिंग्ज आली. सोबत कंपनीच्या माहिती-संरक्षण अधिकारी बाईंचं पत्र होतं: कायद्याप्रमाणे ग्राहकाचा आवाज ठेवला आहे, संभाषणात आलेल्या तृतीय व्यक्तींचे आवाज त्यांच्या खासगीपणासाठी झाकले आहेत.

ग्राहक मी, म्हणजे झाकली गेली ती तीच! आडात माझीच बडबड असेल, तर पोहऱ्यात ती कुठून येणार? तरी लावलं, आणि ताई, पहिलाच शब्द तिचा! खणखणीत! त्याचं असं झालं होतं, की फोन नेहमी ती करायची. पलीकडची मुलगी विचारायची, आपणच ग्राहक का? आणि ही माझं संपूर्ण नाव सांगून म्हणायची, हो, मीच. ('अहो, नाहीतर ती पोरगी तुम्हाला द्या म्हणेल, आणि तुम्ही तिची माफी मागून फोन ठेवाल.') त्यामुळे कंपनीच्या लेखी तीच मी. आणि मागून मधूनमधून लुडबुड करणारा जो कोणी इसम आहे, तो तृतीय व्यक्ती. जिथे जिथे मी तोंड उघडलं आहे, तिथे तिथे 'टूं' वाजतं. तसं संसारात वेगळं काय होतं म्हणा!

आता रोज जेवताना लावतो. ती मशीनच्या खानदानाचा उद्धार करते, मी टूं करतो, ती म्हणते तुम्ही गप्प बसा, आणि मी भात कालवतो. फार बरं वाटतं.

बाकी सर्व क्षेम. साडूभाऊंना नमस्कार सांगा, जरा मोठ्याने.

तुमचा,
तृतीय व्यक्ती

ता. क. तुमचा स्टीलचा डबा माझ्याकडेच आहे. पाठवायचा राहतो आहे.

ता. क. दुसरा. वर लिहिलं ते सगळं खरं असलं, तरी हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. एक रेकॉर्डिंग मी जेवताना लावत नाही. तिचा रिपोर्ट यायचा होता, त्या आठवड्यातलं. कंपनीच्या मुलीने तिला थांबायला सांगितलं आहे, आणि फोन कानाला तसाच धरून ती माझ्याशी बोलते आहे. 'अहो, हे मशीन माझ्या मागेही टिकणार बघा. मग कंपनीशी भांडणार कोण? तुम्ही?' ह्यावर टूं. चांगलं लांबलचक. मग ती म्हणते, 'असं बोलतं का कुणी?' आणि लगेच त्यांचं ते वाद्यसंगीत सुरू होतं. ती हसली, की गप्प झाली, काही कळत नाही.

मी काय म्हणालो, ते मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. तेव्हा माझं डोकं ताळ्यावर नव्हतं, काहीही बोललो असेन. तेवढं टूं काढून द्या, असा अर्ज केला. त्यांनी फोनवरून माझी ओळख तपासली, आणि माझा आवाज ग्राहकाच्या, म्हणजे माझ्या, आवाजाशी जुळत नाही म्हणून मला नाकारलं. बरं, तृतीय व्यक्ती म्हणून द्या म्हटलं, तर ती व्यक्ती आमची ग्राहक नसल्यामुळे तिच्याविषयी आमच्याकडे काहीच नाही, म्हणाले. भांडायला गेलो, तर मूळ रेकॉर्डिंग नियमानुसार नष्ट केल्याचं कळलं. अधिकारी बाई फोनवर हळूच म्हणाल्या, काका, खरंच सॉरी. मी त्यांची माफी मागून फोन ठेवला.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तिच्या त्या मशीनच्या वाक्याआधी आणखी एक टूं आहे, बारीक आणि तुटक. ते माझं नव्हे. त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही होता, ताई. रिपोर्टसाठी म्हणून आला होता आणि शेंगा सोलत बसला होता. तुम्ही ऐकलं असणार. मी तिला काय म्हणालो, आणि ती हसली का, एवढं दोन ओळींत कळवा. जे असेल ते कळवा. वाईट असेल तर मात्र पत्राने नको, स्वतः या.