बाबांची रविवारची ड्यूटी

प्रिय भावना,

सप्रेम जय भीम. एवढं लांबलचक पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. इतकं ठीक आहे की काल कितीतरी दिवसांनी मी दुपारी गाढ झोपले. हे फोनवर सांगता आलं नसतं. आपल्याकडे फोन म्हणजे स्पीकर, आणि स्पीकरला कान लावून तुझे बाबा! म्हणून कागदावर लिहितेय. शेजारची सलोनी याचे फोटो काढून तुला पाठवेल. मराठी तिला वाचता येत नाही, तेवढं बरं आहे.

आधी गाडीचं सांगते. तू बाबांवर सोपवून गेलेली तुझी गाडी चालू आहे, आणि या वेळी कुणालाही बोलवावं लागलं नाही. मागच्या दोन्ही वेळी बॅटरी बसली तेव्हा कंपनीचा माणूस आला, तार जोडून गाडी उठवली आणि जाता जाता म्हणाला, "अंकल जी, हफ़्ते में एक बार स्टार्ट तो किया करो." बाबा म्हणाले, करतोच की, दर रविवारी करतो! तो नुसता हसला. वाईट त्याच्या हसण्याचं नाही गं वाटलं. मीही बाबांकडे त्याच नजरेनं बघत होते, त्याचं वाटलं.

आपल्याला कसली भीती होती ते आपण दोघींनी एकमेकींना कधी धड बोलूनही दाखवलं नाही. नागपूरच्या गुलाबरावकाकांचं असंच तर सुरू झालं होतं. आधी म्हणे गॅस बंद केला, तर तो चालूच. मग भाजी आणायला गेले आणि स्वतःच्या गल्लीत घर सापडेना. सख्खा मोठा भाऊ, तेच रक्त. त्यात बाबांनी विजेचं बिल दोनदा भरलं, तुला फोनवर कल्पनाआत्याच्या नावानं हाक मारली. आणि गाडी सुरू करतो म्हणतात, पण गाडी तर मेलेली. तू तिथून मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतलीस तेव्हा मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाबांना म्हटलं, नेहमीचं चेकअप आहे. ते लगेच हो म्हणाले. पेपर वाचताना सरकारला शिव्या घालणंसुद्धा त्यांनी बंद केलं होतं, यावरून काय ते ओळख.

तू म्हणालीस, गाडीची किल्ली सलोनीकडे दे, ती बघेल. मी बाबांना तसं सांगितलं. म्हणाले, दे. पण देण्याआधी एकदा तू माझ्याबरोबर खाली चल. मी काय करतो ते तुझ्या डोळ्यांनी बघ.

रविवारी गेलो. अगं, काय तो थाट! आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, पाण्याची बाटली, बगलेत पेपर. इथे दिल्लीच्या मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते तेव्हा आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून असेच निघायचे. तळघरात गाडीचं दार उघडलं, चपला बाहेर काढल्या आणि जोडीनं खांबाशी लावल्या. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, पोरीची नवी गाडी आहे, चपला घालून कसं बसायचं? विहारात शिरावं तसे आत शिरले. आणि सीट मागे सरकवून चक्क मांडी घालून बसले! बटण दाबलं. स्टिअरिंगमागच्या काचेत दिवे लागले, रेडिओवर जुनी गाणी सुरू झाली. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. झाली की नाही चालू?"

मला काहीतरी खटकलं. तू गाडी घेतलीस त्या दिवशी मला शेजारी बसवून दाखवलं होतंस, हिरव्या अक्षरात 'रेडी' आलं की गाडी तयार. ती अक्षरं कुठेच नव्हती. म्हटलं, अहो, ही चालू नाहीये. चिडले. "हायब्रीड आहे ती, आवाज येतच नाही! भावनानंच सांगितलंय." मी म्हटलं, आवाजाचं राहू द्या, भावनानं दाखवलं तेव्हा तिचा पाय ब्रेकवर होता; मांडी मोडा, पाय खाली सोडा आणि ब्रेकवर ठेवून बटण दाबा. कुरकुरत दाबलं. टिंग झालं, 'रेडी' आलं, आणि थोड्या वेळानं पुढून इंजिन आपोआप गुरगुरायला लागलं. बाबा असे दचकले की डोकं छताला आपटलं!

कळलं ना काय होत होतं? जायच्या आदल्या दिवशी तू त्यांना शिकवलंस तेव्हा तू आत बसली होतीस आणि ते खिडकीबाहेर उभे. त्यांना तुझं बोट दिसलं, ब्रेकवरचा पाय कुठून दिसणार? माणसानं जन्मभर स्कूटरला किका मारलेल्या. आर. के. पुरम सोडून इथे द्वारकेत नवीन आलो तेव्हा या सेक्टरमध्ये नुसती धूळ होती, तेव्हापासूनची ती स्कूटर. गाडी कधी शिकलेच नाहीत. जे दिसलं ते नेमानं करत राहिले. दर रविवारी तासभर रेडिओ ऐकून बॅटरी भरायच्या ऐवजी रिकामी करून वर यायचे! मी तिथेच हसत सुटले आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलंच नाही. गार्ड धावत आला, "आंटी जी, सब ठीक?" म्हटलं, हो बाबा, बिल्कुल ठीक!

तरी तू घेतलेली वेळ मोडली नाही. गुरुवारी गेलो. डॉक्टरीणबाईंनी महिने उलटे म्हणायला लावले, चित्रं काढायला लावली. बाबांनी सगळं नीट केलं, वर मांडीचा किस्साही सांगितला. बाई पोट धरून हसल्या. म्हणाल्या, विसरण्याचा आजार नाही, बी-ट्वेल्व्ह कमी आहे, इंजेक्शनं घ्या. रिपोर्ट सलोनी वेगळे पाठवेल. इकडे बदली मागणार होतीस ना, ती आता मागू नकोस. तिथलं काम पूर्ण करूनच ये.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मला पटलंय, डॉक्टरांना पटलंय. पण काल जेवताना बाबांनी हळूच विचारलं, "प्रेमला, मी दर रविवारी खरंच जात होतो ना गं?" मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण घास काही उचलला नाही. आपण दोघींनी इतके दिवस विश्वास ठेवला नाही, तेव्हा त्यांनीही स्वतःवरचा सोडला. माझ्या हो म्हणण्यानं ते भरून निघत नाही, तू त्यांची लाडकी. उद्या फोन कर, त्यांच्या मोबाईलवर. तब्येत विचारू नकोस, समजावू नकोस. एवढंच म्हण, "बाबा, मला ठाऊक आहे, तुम्ही एकही रविवार चुकवला नाहीत. गाडी तुम्हीच बघा." मी त्या वेळी मुद्दाम भाजी आणायला बाहेर जाईन.

तुझीच,
आई